हनुवटीची वाटी

६ फेब्रुवारी

रंध्या,

आधी तक्रार आणि मग खुशाली, ही माझी पत्राची रीत तुला ठाऊक आहे. तर तक्रार अशी, की व्हायोलिनवर हनुवटी टेकवायची जी लाकडी वाटी तू करून पाठवलीस, ती पुन्हा टोचते आहे. पुन्हा डावीकडेच, जबड्याच्या खालच्या कडेला. पहिली उंच होती म्हणून तू बुटकी केलीस. बुटकीची कड बोचते म्हटल्यावर कड गोल केलीस. आता ती गोल कडही सोसत नाही. आमच्या वाद्यवृंदातले लोक म्हणतात, इतकी वर्षं लाकडावर जबडा घासल्यावर घट्टा पडायचाच, बोटांना पडतो तसा हाडाला पडला. तिथे खरंच एक टेंगूळ आलं आहे, सुपारीएवढं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणायच्या आत सांगते की वाजवणं अजून ठीक आहे. गुडघे, टाचा, कंबर मात्र सगळी मिळून कुरकुरतात. रंगमंचापुढच्या खड्ड्यात आम्ही बसतो तिथे ओल असते, तिचा प्रताप असेल. आणि तहान विलक्षण लागते. खुर्चीखाली बाटली ठेवते, ती परवा कलंडली आणि पाणी थेट काडीमास्तरांच्या बुटात. काडीमास्तर म्हणजे आमचे संचालक. हातात काडी घेऊन आम्हाला हाकतात. सगळ्यांसमोर म्हणाले, पाणी प्यायला येता की वाजवायला? तुझे भाऊजी वर दिव्यांच्या माळ्यावरून बघत होते. त्यांनी नेमका तेव्हाच खड्ड्यावर लाल उजेड सोडला. घरी आल्यावर म्हणतात, तुझा लाल झालेला चेहरा कुणाला दिसू नये म्हणून.

नवी वाटी कर. मागच्या खेपेसारखंच, तू सांगितलंस तसं मेण कोमट करून त्यावर जबडा दाबला आहे, तो नवा साचा सोबत पाठवते.

तुझी ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या तक्रारीला साष्टांग नमस्कार. वाटी पाठवतोय. शिसवी सोडून या वेळी हलकं लाकूड घेतलं, आणि तुझं टेंगूळ जिथे येतं तिथे पटाशीनं खळगा केला, म्हणजे टेंगूळ अधांतरी राहील आणि भार पुढे हनुवटीवर येईल. काचकागद मारून मारून माझीच बोटं गुळगुळीत झाली आहेत. कान गेल्यापासून मी सुराचं काम घेत नाही, नुसतं लाकडाचं घेतो. त्यात तरी माझ्या हातून खोट राहू नये एवढीच इच्छा. तुझ्या वाटीत ती राहते आहे, याची मला लाज वाटते.

तुझ्या वहिनीनं तुझं पत्र वाचून निकाल दिला, की हाडं दुखतात म्हणजे हाडांत चुना कमी. तिनं कॅल्शियमच्या गोळ्यांची मोठी बाटली या खोक्यात घातली आहे. रोज दोन घ्यायच्या. तिला नाही म्हणायची माझी टाप नाही, तेव्हा तूही म्हणू नकोस.

पत्रं लिहीत जा. इथे लोक माझ्या तोंडासमोर येऊन ओरडतात आणि ओरडताना त्यांचे ओठ वेडेवाकडे होतात. हिचे ओठही मला अर्धेच कळतात. तुझे तेवढे न चुकता कळतात, कारण पाळण्यात होतो तेव्हापासून तेच बघत आलोय.

तुझा
रंध्या


९ मार्च

रंध्या,

वाटी काही दिवस फार छान बसली. मग टेंगूळ तुझ्या खळग्यात मावेनासं झालं. चूक तुझी नाही, माझी मान आखडते आहे आणि मी वाकडी धरत असेन. नवा साचा पाठवते, खळगा जरा वाढव.

वहिनीच्या गोळ्या इमानानं घेते आहे, तिला सांग. हाडं ऐकत नाहीत ही तिची चूक नाही. उलट आताशा मळमळतं, अन्नावर वासना नाही आणि पोट चार-चार दिवस साफ होत नाही. बहिणीनं भावाला लिहावं असं हे नाही, पण मी आणखी कुणाला लिहू?

मागच्या आठवड्यात शिकवणीच्या एका मुलीला मी रडवलं. गज सरळ धर, एवढंच सांगायचं होतं. मी तिला म्हणाले की तुझ्या हातात केरसुणी शोभेल. ती गेल्यावर मीही रडत बसले, आणि का ते कळेना. हल्ली सगळेच म्हणतात की माझा स्वभाव खवट झाला आहे. तसा तो कधी गोड होता म्हणा.

डावीकडची एक दाढ हलायला लागली आहे. भाऊजींना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना दिव्यांच्या तारा पुरेशा आहेत.

तुझी ताई


१५ मार्च

ताई,

वाटी केलेली नाही आणि करणारही नाही.

तुझा नवा साचा आला तेव्हा मागचे दोन्ही फळीवरून काढले आणि तिन्ही बाकावर शेजारी शेजारी मांडले. मी गाढव, हे आधीच करायला हवं होतं. प्रत्येक वेळी नवा साचा घ्यायचा, त्याबरहुकूम लाकूड कोरायचं आणि आपल्या हातात किती सफाई आहे म्हणून खूश व्हायचं, हेच करत आलो. तुझं हाड फुगतंय, ताई. घट्टा असा नसतो. माझ्या लाकडानं काही केलेलं नाही आणि माझं लाकूड त्याला काही करू शकत नाही.

उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. भाऊजींना सांगून जा. आपल्या बाबांच्या मानेवर गाठ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, थांबून पाहू. आपण थांबून पाहिलं, आणि पाहता पाहता बाबा गेले. तो शब्द माझ्यापुढे कुणी काढू नये. तू काढू नकोस.

मला झोप येत नाहीये. लगेच लिही.

रंध्या


३ एप्रिल

रंध्या,

लगेच लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं घडेल म्हणून वाट पाहत होते.

दातांच्या डॉक्टरांनी हलणारी दाढ काढली. खड्डा भरायच्या ऐवजी त्यातून मांसाचा लाल-तपकिरी गोळा वर आला. मग मोठ्या इस्पितळात जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. त्यांनी फोटो काढला आणि काचेवर लावून मला दाखवला. उजवीकडचं हाड हाडासारखं दिसतं. डावीकडे कानाखालपासून हनुवटीपर्यंत नुसता धूर आहे. गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. उत्तर आलं की गाठ मोठाल्या पेशींची आहे, हाड खात चालली आहे, आणि ठेवली तर आणखी खाईल. म्हणून डावा जबडा हनुवटीपर्यंत कापायचा आणि त्या जागी धातूची पट्टी बसवायची.

मी विचारलं, व्हायोलिन? ते भले गृहस्थ आहेत, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, बाई, आधी आपण घास गिळण्याचं बघू, मग बोलण्याचं बघू. व्हायोलिन त्यांच्या यादीत नव्हतंच.

वीस तारखेला ऑपरेशन आहे. भाऊजी गप्प झाले आहेत. घरातले दिवे दुरुस्त करत बसतात, जे बिघडलेले नाहीत तेसुद्धा. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तेही येत नाही. नुसती तहान लागते. मला जगायची हौस उरलेली नाही, रंध्या. हे तुलाच सांगते आहे. तू मला धीर देऊ नकोस, धीर द्यायला लागलास तर मी पत्र फाडून टाकीन.

जमलं तर एकदा येऊन जा.

ताई


१२ एप्रिल

ताई,

सुखरूप पोचलो. तुला भेटून बरं वाटलं. आपल्या मनसोक्त गप्पा झाल्या, मन हलकं झालं. सूज मी समजत होतो तेवढी नाही.

सर्जनना मी आणि भाऊजी भेटलो. भाऊजी कागदावर लिहून देत होते, मी वाचत होतो. माणूस साफ बोलणारा आहे. थांबून पाहू म्हणाला नाही, यातच सगळं आलं. कापून टाकू दे. राहिलेल्या आयुष्याला जबडा अर्धा असला तरी चालेल, आयुष्य अर्धं असलं तर चालणार नाही.

धीर देत नाहीये. पत्र फाडू नकोस.

रंध्या


२२ एप्रिल

रंध्या,

जबडा अजून जागेवर आहे.

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर घेतलं. दारात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि गाडी परत फिरवली. रक्तात चुना भलताच वाढला आहे, अशा रक्तावर भूल देणार नाही म्हणाले. दुसऱ्यांदा रक्त घेतलं, तेच निघालं. मग एक डॉक्टरीणबाई आल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. जबड्याकडे पाहिलंही नाही. पहिला प्रश्न काय, तर पाणी किती पिता? मी त्यांचं नाव तहानबाई ठेवलं आहे. मग मूतखडा कधी झाला होता का? झाला होता की, दोनदा, पण तो दुसऱ्याच डॉक्टरांनी पाहिला आणि कुणी त्याचा जबड्याशी संबंध का लावावा? पोट साफ होतं का? हाडं दुखतात? रडू येतं? शेवटच्या प्रश्नाला भाऊजीच उत्तरले, रडू येत नाही, रडवते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा काही बोलले.

तहानबाईंनी सांगितलं ते असं. गळ्यात, कंठाच्या मागे, मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात चुना किती हवा ते त्या बघतात. माझी एक माजली आहे. ती सारखी आणखी चुना आणखी चुना म्हणून हाडांकडे मागत सुटली आहे, आणि हाडं बिचारी देत बसली आहेत. दिलेला चुना रक्तात साचतो, मूत्रपिंडात खडे करतो आणि डोक्यावर धुकं आणतो. जबड्यातली गाठ कर्करोगाची नाही. हाड पोखरलं गेलं त्या जागी ती वाढली आहे. म्हणजे जबडा हा चोर नाहीच, त्याच्या घरी चोरी झाली आहे. ग्रंथी काढली की हाड आपलं आपण भरून येईल, बहुतेक. बहुतेक हा शब्द त्यांनी मुद्दाम परत उच्चारला. आधी सलाइन लावून चुना खाली आणायचा, ग्रंथी नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि मग गळा उघडायचा. तोवर थांबायचं.

माझा स्वभावसुद्धा त्या ग्रंथीचा निघाला, बघ. आता माझं स्वतःचं असं काय उरलं?

वहिनीच्या गोळ्यांची बाटली त्यांनी उचलली आणि आपल्या खिशात टाकली. वहिनीला हे सांगू नकोस, तिला लागेल.

भेटायला आलास त्या दिवशी तू माझ्याजवळून फार लवकर उठलास.

ताई


२७ एप्रिल

ताई,

मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला संताप आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! गाठ जबड्यात दिसते आहे, फोटोत दिसते आहे, हाताला लागते आहे, आणि ही बाई गळा उघडायला निघाली. मसुराएवढी वस्तू, ती कुठे आहे तेही तिला माहीत नाही, ती शोधणार, मग काढणार, मग हाड बहुतेक भरणार. बहुतेक! माझ्याकडे कुणी चिरलेलं व्हायोलिन आणलं आणि मी म्हटलं, चिरेला हात लावत नाही, खुंटी बदलतो, चीर बहुतेक आपोआप सांधेल, तर लोक मला जोड्यानं मारतील.

आणि तोच शब्द, ताई. तोवर थांबायचं. बाबांच्या वेळी शब्द न शब्द हाच होता.

मी सर्जनना पत्र टाकलं आहे, की आमची तयारी आहे, चुना खाली आला की पहिली तारीख द्या. भाऊजींनाही लिहिलं आहे. तू रागावशील. रागव, पण जिवंत राहून रागव.

रंध्या


२ मे

रंध्या

तुम्ही ठरवा. माझ्या डोक्यात काही टिकत नाही. तहानबाई येऊन बोलतात तेव्हा त्यांचं पटतं, तुझं पत्र वाचते तेव्हा तुझं पटतं, मग दोन्ही विसरते. काल व्हायोलिनच्या तारांची नावं आठवेनात. सकाळपासून ओकते आहे. कुठे निजू ते सांगा, तिथे निजते. भांडायला माझ्यात कुणी शिल्लक नाही.

अक्षर वाकडं आहे, माफ कर

ताई


६ मे

रंधेराव यांस,

तुम्हाला मी एरवी चेष्टेशिवाय लिहीत नाही, आज चेष्टा सुचत नाही. तार करणार होतो, पण हे तारेत मावणारं नाही.

तुमच्या ताईनं कालपासून मला ओळखलेलं नाही. मला ती काडीमास्तर समजते आणि पाण्याची बाटली लपवते. सलाइन चालू आहे, पण चुना खाली येण्याऐवजी चढतोच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात की आता शोधत बसायला वेळ नाही, परवा-तेरवा गळा उघडावाच लागेल, नाहीतर हृदय थांबेल. सर्जन म्हणतात की भूल दिलेलीच असेल, तर त्याच भुलीत जबडाही उरकून टाकू. तिला दुसऱ्यांदा भूल सोसेल याची खात्री नाही, आणि गाठ आपोआप जाईल याचीही नाही. बाई म्हणतात, जबड्याला हात लावू नका. दोघं माझ्यासमोर भांडले नाहीत, पण दोघांनी आपापला कागद माझ्यापुढे ठेवला. सही मी करायची.

मी दिवे लावणारा माणूस. कोणता दिवा कधी विझवायचा ते मला वहीत लिहून दिलेलं असतं. हे मला कोण लिहून देणार? ती शुद्धीवर होती तेव्हा म्हणाली होती, तुम्ही दोघं ठरवा. त्यातले एक तुम्ही. दोन्ही कापायचं की गळाच, एवढंच तारेनं कळवा. एक शब्द पुरे. तार आली की सही करतो. आलात तर फारच बरं.

तुमचे
भाऊजी


८ मे

भाऊजी,

आपलं पत्र मिळाल्याबरोबर तारघरात गेलो. फॉर्म घेतला. 'दोन्ही कापा' एवढंच लिहायचं होतं. 'दोन्ही' लिहिलं आणि पुढे हात धजेना. तिथला माणूस घाई करत होता, बहुधा ओरडतही असेल. फॉर्म फाडला आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. नुसता तो शब्द तुमच्या हातात पडावा आणि तो का लिहिला हे कुणालाच कळू नये, हे मला सहन होईना.

दोन्ही कापा. जबडा गेला तर गेला, ताई राहू दे.

मी का आलो नाही आणि का येत नाही, तेही आज सांगतो. एप्रिलमध्ये भेटलो तेव्हा मनसोक्त गप्पा झाल्या असं मी तिला लिहिलं, ते खोटं आहे. ती पुष्कळ बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. सुजेमुळे तिचे ओठ डावीकडे उचलतच नव्हते, माझ्या ओळखीचं त्यात काही उरलं नव्हतं. तिनं काहीतरी विचारलं आणि मी मान डोलावली. तिनं आणखी काही सांगितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी मान डोलावतच राहिलो. काय सांगत होती कुणास ठाऊक. मरणाचं सांगत असेल. शेवटी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.

जगात एकाच माणसाचं बोलणं मला कळत होतं. जबडा कापला की ते कायमचं गेलं, हे मला समजत नाही असं समजू नका. समजूनच लिहितोय. आम्ही आयुष्यभर पत्रांवर बोलू. पत्र लिहायला माणूस तर हवा.

सही करा. देवाशप्पथ, दोष माझा.

रंध्या


१९ जुलै

रंध्या,

दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या, त्यामुळे हे पत्र उशिरा. मधे भाऊजी तुला खुशाली कळवत होते, पण त्यांच्या खुशालीत 'बरी आहे' याच्यापुढे काही नसतं.

ग्रंथी सापडली. मसुराएवढी असायला हवी ती खजुराएवढी झाली होती आणि पार छातीच्या तोंडाशी जाऊन बसली होती. ती काढली आणि दुसऱ्याच दिवशी उलटाच प्रकार. इतकी वर्षं लुटली गेलेली हाडं रक्तातला चुना अधाशासारखा ओढायला लागली. माझी बोटं आकडली, ओठांना मुंग्या आल्या, आणि तहानबाईंनी मला वहिनीच्या गोळ्यांसारख्याच गोळ्या मूठभर चारल्या. आता वहिनीला खुशाल सांग.

जबडा आहे. गाठ बसते आहे, पण हळूहळू. वर्षभर लागेल म्हणतात, आणि राहिलं तर थोडं खरवडावं लागेल. दोन दाढा गेल्या. वाद्यवृंदात माझ्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसते आणि ती माझ्याहून चांगली वाजवते, असं काडीमास्तर स्वतः येऊन सांगून गेले. माणसं आजाऱ्याला भेटायला येतात ती अशी. मी पुन्हा वाजवीन की नाही, याचं उत्तर कुणी देत नाही. एक मात्र आहे, की ते उत्तर ऐकायची मला पुन्हा इच्छा होते. मधे ती इच्छाच गेली होती, ते सगळ्यात वाईट होतं.

आता मुद्द्याचं. तुझं आठ मेचं पत्र मी वाचलं.

भाऊजी ते दाखवणार नव्हते. मीच विचारलं, की रंध्यानं काय कळवलं होतं? त्यांना खोटं बोलता येत नाही, दिव्यांच्या पेटीतून काढून हातात दिलं. ते पत्र दहा तारखेला आलं. ऑपरेशन नऊला झालं. नऊच्या सकाळपर्यंत हे तारेची वाट पाहत जिन्यात उभे होते. तार आली नाही, तेव्हा दोघा डॉक्टरांना ज्याबद्दल शंका नव्हती तेवढ्यावर, म्हणजे गळ्यावर, त्यांनी सही केली. मी विचारलं, तार आली असती तर? म्हणाले, तर दोन्हीवर केली असती.

म्हणजे तुझा हात त्या फॉर्मवर धजला असता, तर आज माझ्या तोंडात धातूची पट्टी असती, आणि जबडा बादलीत गेला असता, काही गुन्हा नसताना. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी दोन दिवस तुझ्यावर इतकी रागावले होते, की भाऊजींना वाटलं ग्रंथी परत उगवली. माझा राग तुला ठाऊक असावा म्हणून सांगते. तू म्हणाला होतास, जिवंत राहून रागव.

मग राग ओसरला आणि पत्राचा उरलेला भाग मला दिसला.

तू मान डोलावत होतास ते मला तेव्हाच कळलं होतं, वेड्या. मी तुला विचारलं होतं, मी मेले तर भाऊजींना तुझ्याकडे नेशील का. तू हो म्हणालास. मग मी म्हणाले, रंध्या, तुला काही कळत नाहीये ना? त्यालाही तू हसून हो म्हणालास. तेव्हा मी रडले. मरणाला नाही रडले, तू मला फसवायला लागलास म्हणून रडले. आणि मीही तुला तसंच जाऊ दिलं, पत्रातही बोलले नाही. आपण दोघांनी एकमेकांना सांभाळून घेता घेता काय करून ठेवलं होतं!

आता ऐक. मी रोज आरशासमोर बसून बोलते. डावा ओठ थोडा उचलतो आहे, पण बोलणं अजून वाकडं आहे. आरशातली बाई मलाच अर्धी कळते. कदाचित असंच राहील. तरी तू ये. पुढच्या आठवड्यात ये, बरी व्हायची वाट पाहू नकोस. समोर बस, उजेडात बस, आणि मी बोलेन ते बघ. कळलं नाही तर मान डोलावू नकोस. कळलं नाही, असं म्हण. मी परत सांगेन.

ताई